पेअर जिरार ह्यांचा मातृभाषेचा पाठ्यक्रम

युरोपातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात स्वित्झर्लंडचा विषय निघाला की पेस्टालॉत्सी ह्यांचे नाव घ्यावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी रीत बहुतेक ग्रंथांतून दिसते. पेस्टालॉत्सी ह्यांच्याच काळी, त्यांच्या इव्हर्दों येथील संस्थेपासून फार दूर नसलेल्या फ्रीबूर ह्या नगरात एका फ्रान्सिस्कन साधूने जवळजवळ वीस वर्षे मुलांची शाळा चालविली आणि पुढे उतारवयात मातृभाषेच्या अध्यापनाचा एक संपूर्ण पाठ्यक्रम सिद्ध केला. ग्रेग्वार जिरार (१७६५–१८५०) हे त्यांचे नाव. ‘पेअर’ म्हणजे धर्मपिता ह्या उपपदासह ते ओळखले जातात. एक सहिष्णु व लोकप्रिय धर्मगुरू म्हणून, किंवा त्यांची शाळा बंद पाडण्यात आली त्या प्रकरणाच्या संदर्भात, त्यांचे स्मरण केले जाते. त्यांच्या पाठ्यपुस्तकांची पुस्तके म्हणून चिकित्सा त्या मानाने कमी होते. वस्तुतः त्यांच्या कर्तृत्वातील वादाचा खरा विषय ही पुस्तकेच होत. भाषा शिकविणे म्हणजे विचार करावयास शिकविणे, हे त्यांनी जितक्या पद्धतशीरपणे मांडले तितके त्यांच्या काळात फार थोड्यांनी मांडले असेल; आणि विद्यार्थ्याचा विचार कोठे जाऊन पोहोचला पाहिजे हेही त्यांनी तितक्याच पद्धतशीरपणे आधीच ठरवून टाकले. त्यांच्या पाठ्यक्रमाचे बळ आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही एकाच मुळातून निघालेली आहेत. ते मूळ शोधावयाचे तर आधी त्यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

जिरार ह्यांचा जन्म फ्रीबूर येथे पंधरा अपत्यांच्या कुटुंबात झाला. आई धाकट्या भावंडांना बोलावयास, मोजावयास व प्रार्थना म्हणावयास कशी शिकविते, हे त्यांनी लहानपणी जवळून पाहिले, आणि आपल्या सर्व अध्यापनविचाराचा उगम पुढे ते तेथेच दाखवीत राहिले. अशा आठवणी शिक्षणशास्त्रज्ञांच्या लेखनात वारंवार येतात व त्यांना फार महत्त्व देण्याचे कारण नसते. येथे मात्र ते आहे. कारण त्यांच्या पुस्तकांतील आदर्श शिक्षक हा पंतोजी नव्हे, तर आई आहे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संप्रदायात शिरले. त्यांचे अध्ययन जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथे झाले. परत आल्यावर मठातील नवशिष्यांना त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. कांट ह्यांच्या विचारांचा त्यांच्यावर झालेला परिणाम त्यांच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही.

१७९८ मध्ये जुनी स्विस व्यवस्था कोसळून हेल्वेटिक प्रजासत्ताक स्थापन झाले. त्या प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री श्टाप्फर ह्यांच्यासाठी जिरार ह्यांनी सार्वजनिक शिक्षणाची एक योजना लिहून दिली. त्यानंतर १७९९ पासून १८०४ पर्यंत ते बर्न येथे धर्मगुरू होते. धर्मसुधारणेनंतर त्या प्रोटेस्टंट नगरात उघडपणे कार्य करणारे ते पहिलेच कॅथलिक धर्मगुरू होत. आपल्या पंथाबाहेरील माणसांशी कोणत्या भाषेत बोलावे, ह्याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले असावे. त्यांच्या पाठ्यपुस्तकांत ईश्वराचे नाव जागोजाग येते. परंतु पंथभेदाची भाषा तेथे जवळजवळ आढळत नाही, ह्याचा संबंध ह्या पाच वर्षांशी जोडणे अप्रस्तुत होणार नाही.

१८०४ मध्ये नगराने त्यांना परत बोलाविले आणि मुलांच्या फ्रेंच शाळेची व्यवस्था त्यांच्या हाती दिली. शाळा लहान होती; ती वाढत जाऊन तीत शेकड्यांनी मुले शिकू लागली. ह्या काळातील एक घटना त्यांच्या भाषाविचाराच्या दृष्टीने निर्णायक ठरली. १८०९ मध्ये स्विस संघसभेने पेस्टालॉत्सी ह्यांच्या इव्हर्दों येथील संस्थेची पाहणी करण्यासाठी त्रिसदस्य समिती नेमली. बाझेलचे मेरियन, बर्न येथील गणिताचे अध्यापक ट्रेक्सेल आणि जिरार हे तिचे सदस्य. अहवाल जिरार ह्यांनी लिहिला व तो १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संस्थाचालकांच्या निष्ठेची प्रशंसा आहे. परंतु ही संस्था स्वतःच्या वाटेने जाते आणि देशातील सार्वजनिक शाळांशी तिचा मेळ बसत नाही, असा निर्णयही आहे. पेस्टालॉत्सी ह्यांच्या चाहत्यांना तो फार लागला. जिरार ह्यांनी पुढे सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. दोन आणि दोन चार इतक्या स्पष्टपणे जे सिद्ध करता येणार नाही ते आपल्या विद्यार्थ्यांनी मानू नये, अशी इच्छा पेस्टालॉत्सी ह्यांनी बोलून दाखविली. त्यावर, मला तीस मुलगे असते तरी त्यांतील एकही मी तुमच्या स्वाधीन केला नसता, कारण मी त्यांचा बाप आहे हे तुम्हांला त्या रीतीने सिद्ध करून देता आले नसते, अशा आशयाचे उत्तर जिरार ह्यांनी दिले. उत्तर चतुर आहे, आणि थोडे अन्यायाचेही आहे. कारण पेस्टालॉत्सी ह्यांच्या शिक्षणात मातेचे स्थान काही कमी नव्हते. तथापि ह्या संवादातून दोघांमधील अंतर नेमके कळते. पेस्टालॉत्सी ह्यांनी संख्या, आकार आणि शब्द ही शिक्षणाची तीन मूलतत्त्वे मानली, आणि प्रत्यक्ष अध्यापनात त्यांतील संख्येचे व आकाराचे पारडे जड झाले. मुलाच्या मनाचा विकास ज्या साधनाने घडतो ते साधन गणित नव्हे, मातृभाषा होय, हा जिरार ह्यांचा पक्ष ह्या भेटीनंतर पक्का झालेला दिसतो.

शाळेचा अंत मात्र भाषेमुळे झाला नाही. मुलांची संख्या वाढली तेव्हा १८१५–१६ च्या सुमारास जिरार ह्यांनी परस्पर-अध्यापनाची पद्धती स्वीकारली. तीत थोडे पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवितात. इंग्लंडात ही पद्धती बेल आणि लँकेस्टर ह्यांच्या नावाने गाजली. तिचा एक धागा भारतात येऊन पोहोचतो. अँड्र्यू बेल ह्यांनी मद्रासजवळ एग्मोर येथील मुलांच्या अनाथालयात ती बसविली आणि १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तांत छापला. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहून आपल्याला दिशा मिळाली, असे बेल ह्यांनी सांगितले आहे. धूळपाटी आणि वडील विद्यार्थ्याने धाकट्याला घोकवून घेणे ह्या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांनाही परक्या नव्हत्या. मद्रासहून लंडन, लंडनहून पॅरिस आणि पॅरिसहून आल्प्सच्या पायथ्याशी असा ह्या पद्धतीचा प्रवास झाला. तेथे पोहोचेपर्यंत मात्र ती राजकीय संशयाचा विषय होऊन बसली होती. फ्रान्समध्ये उदारमतवादी तिचे पुरस्कर्ते होते. त्यामुळे राजसत्तावादी व धर्मसत्तावादी तिच्याकडे क्रांतीची पिल्ले म्हणून पाहत. जिरार ह्यांनी ती जशीच्या तशी घेतली नव्हती. सरावाचे काम गटनायकांकडे आणि विचाराचे काम शिक्षकाकडे अशी विभागणी त्यांनी ठेवली. पण हा भेद विरोधकांना महत्त्वाचा वाटला नाही. १८१८ मध्ये जेझुइट फ्रीबूरला परतले होते. प्रारंभी शाळेला अनुकूल असलेले बिशप येन्नी ह्यांनी ही पद्धती धर्माला व नीतीला घातक असल्याचे मत दिले, आणि १८२३ मध्ये फ्रीबूरच्या महासभेने ती बंद केली. जिरार ह्यांनी शाळा सोडली व नगरही सोडले. पुढे १८२७ ते १८३४ पर्यंत ल्यूसर्न येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. त्यानंतर फ्रीबूरच्या मठात ते परत आले. परंतु मुलांची शाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही.

त्यांच्या पाठ्यक्रमाचा विचार करताना हे लक्षात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. मातृभाषेच्या नियमबद्ध अध्यापनावरील त्यांचा ग्रंथ १८४४ मध्ये पॅरिसला निघाला. तो मूळ पाठ्यक्रमाची प्रस्तावना म्हणून लिहिलेला होता. खुद्द पाठ्यक्रमाचे खंड १८४५ ते १८४८ ह्या वर्षांत आले. म्हणजे शाळा गेल्यानंतर वीस वर्षांनी, ऐंशीच्या घरात असलेल्या लेखकाने ती पुस्तके प्रसिद्ध केली. एरव्ही पाठ्यपुस्तक वर्गासाठी लिहिले जाते. येथे ते एका नाहीशा झालेल्या वर्गाचे चित्र म्हणून लिहिले गेले आहे. त्यातील मूल उत्तरे चुकवीत नाही असे नाही; पण ते कंटाळत नाही, आडून प्रश्न विचारीत नाही, आणि शिक्षकाने सुचविलेल्या वाटेवरून शेवटी बिनतक्रार घरी पोहोचते. प्रत्यक्ष वर्गाचा धक्का ज्या लेखनाला बसत राहतो ते इतके गुळगुळीत राहणे कठीण असते.

तरीही पद्धतीची योग्यता कमी लेखता येत नाही. त्या काळची फ्रेंच शाळा व्याकरण शिकवी ते व्याख्या आणि नियम पाठ करवून. नोएल व शाप्साल ह्यांचे जे व्याकरण पुढे फ्रेंच शाळांवर दीर्घकाळ अधिराज्य गाजवून होते, ते १८२३ सालचेच, म्हणजे जिरार ह्यांची शाळा मिटली त्याच वर्षीचे, हा केवळ योगायोग असला तरी बोलका आहे. त्या परंपरेत आधी शब्दांच्या जाती, मग त्यांचे विकार, मग अन्वय, आणि सर्वत्र शुद्धलेखनाची चिंता असा क्रम होता. मूल शाळेत येते ते बोलता येत असलेले येते, ही साधी वस्तुस्थिती त्या क्रमात कोठेच जमेस धरलेली नव्हती. जिरार ह्यांनी ती पायाशी घेतली. मूल वाक्यात बोलते. म्हणून अध्यापनाचा घटक वाक्य हाच असला पाहिजे. प्रथम एकेरी विधान, नंतर दोन विधानांचा जोड, आणि शेवटी अनेक विधानांनी गुंफलेली दीर्घ रचना असे त्यांचे टप्पे आहेत. वाक्यरचना, क्रियापदांची रूपे, शब्दसंग्रह आणि रचना ही चारही अंगे बरोबरीने पुढे सरकतात.

क्रियापदे चालविण्याची त्यांची रीत विशेष पाहण्याजोगी आहे. सुटी रूपे पाठ करून घेण्याऐवजी ते विद्यार्थ्याकडून संपूर्ण वाक्य चालवून घेतात. मराठीत नमुना करून सांगावयाचे तर, ‘मी देतो, तू देतोस, तो देतो’ असा जप न करता ‘मी आजारी शेजाऱ्याला पाणी नेऊन देतो, तू आजारी शेजाऱ्याला पाणी नेऊन देतोस’ असे म्हणत, काळ व अर्थ बदलत जावयाचे. भूतकाळात ती आठवण होते, भविष्यकाळात संकल्प होतो, संकेतार्थात आल्यावर अट पुरविणे विद्यार्थ्याला भाग पडते. रूपाला अर्थापासून तोडू द्यावयाचे नाही, हा ह्यातील हेतू आहे. व्याकरणातील काळ व अर्थ हे मनाच्या निरनिराळ्या वृत्ती आहेत, हे दहा वर्षांच्या मुलाला व्याख्येवाचून कळविण्याचा ह्याहून सरळ मार्ग सुचविणे सोपे नाही. शब्दसंग्रहाच्या भागातही याद्या नाहीत. एका धातूपासून निघालेली शब्दकुळे आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्द वाक्यात बसवून घ्यावयाचा आहे. पुस्तक मुख्यतः शिक्षकाच्या हाती असावयाचे व वर्गात तोंडी चालावयाचे, ही कल्पनाही ह्याच दृष्टीशी सुसंगत आहे.

परंतु वरच्या नमुन्यातील आजारी शेजारी तेथे सहज आलेला नाही. जिरार ह्यांच्या पाठ्यक्रमात निर्हेतुक वाक्य जवळजवळ आढळत नाही. मुलाच्या ठिकाणी स्वतःविषयीची, समाजाविषयीची, नीतीविषयीची आणि ईश्वराविषयीची अशा चार प्रवृत्ती ते मानतात, आणि भाषेच्या पाठाने ह्या चारींची मशागत झाली पाहिजे असे त्यांचे म्हणणे आहे. शब्दाने विचाराची सेवा करावी आणि विचाराने अंतःकरणाची व आचरणाची, असा हा अधिकारक्रम आहे. म्हणून कुटुंब, सृष्टी, समाज, स्रष्टा असे विषय ठरलेल्या क्रमाने येतात, आणि प्रत्येक उदाहरण एखाद्या सद्‌भावनेचे वाहन होते. माणूस जसा विचार करतो तसे त्याचे प्रेम घडते व जसे त्याचे प्रेम तसे त्याचे वर्तन घडते, ह्या त्यांच्या श्रद्धेचा हा अपरिहार्य परिणाम आहे.

आक्षेप नीतिशिक्षणाला नाही. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही देशाच्या क्रमिक पुस्तकांत नीतिपाठ होतेच, आणि त्यांतील पुष्कळ ह्याहून रूक्ष होते. आक्षेप भाषाविषयक आहे. वाक्य हा विचाराचा घटक आहे असे एकदा मानले, की खोटे, खोडसाळ, निरर्थक किंवा नुसते गमतीचे वाक्य बनविण्याची मुभाही त्याच तत्त्वातून प्राप्त होते. कारण मूल वाक्याच्या सामर्थ्याचा शोध बहुधा तशाच वाक्यांतून घेत असते. चुलीवरचे मांजर, आजीचा चष्मा, नदीत पडलेली टोपी ह्यांच्याविषयी बोलताना मुलाची वाक्यरचना जितकी धीट होते तितकी कृतज्ञतेविषयी बोलताना होत नाही. जिरार ह्यांनी मुलाला रूपांच्या जपातून सोडविले आणि भावनांच्या जपात नेऊन बसविले, असे म्हटल्यास ते कठोर होईल. पण अगदी निराधार होणार नाही. पेस्टालॉत्सी ह्यांना त्यांनी दिलेले उत्तर येथे त्यांच्याकडेच परत येते. सिद्धतेचा आग्रह मुलाच्या मनाला एका साच्यात घालतो हे त्यांना दिसले. सद्‌भावाचा आग्रहही तेच करू शकतो हे दिसले नाही.

ह्या दृष्टीने १८४४ चा पुरस्कारही अर्थपूर्ण आहे. फ्रेंच अकादमीने ह्या ग्रंथाला माँत्यों पारितोषिक दिले, आणि अकादमीचे कायम सचिव व्हिल्मँ ह्यांनी त्याचा गौरव केला. जिरार ह्यांची कीर्ती मुख्यतः ह्या प्रसंगाने युरोपभर झाली. परंतु हे पारितोषिक नीतीला उपकारक अशा ग्रंथासाठी असते, भाषाविचारासाठी नव्हे. परीक्षकांनी ग्रंथ अचूक वाचला होता, असेच म्हणावे लागते. आपल्याच नगराने ज्यांच्या शाळेवर नीतीच्या नावाने बंदी घातली, त्यांना परक्या राजधानीत नीतीच्याच नावाने पारितोषिक मिळावे, ह्यात वृद्ध जिरार ह्यांना काही समाधान लाभले असल्यास नवल नाही. पाठ्यक्रमात नीतीचा सूर इतका अखंड का, ह्याचे एक कारणही कदाचित येथे सापडते. १८२३ मधील आरोपाला दिलेले ते विस्तृत उत्तर आहे. ज्याच्या शाळेला अधार्मिक ठरविण्यात आले त्याला आपले एकही वाक्य निर्हेतुक ठेवणे परवडले नसावे.

दुसरा प्रश्न ‘मातृभाषा’ ह्या शब्दाचाच आहे, आणि प्रमाणभाषा व बोली ह्यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो परका वाटू नये. फ्रीबूर हा द्विभाषिक प्रदेश आहे; काही भागात फ्रेंच चालते, काही भागात जर्मन. त्याखेरीज फ्रेंच म्हटल्या जाणाऱ्या खेड्यांतील घरांत एकोणिसाव्या शतकात बोलली जाई ती पॅरिसची फ्रेंच नव्हे, तर ‘पात्वा’ ह्या नावाने ओळखली जाणारी फ्रँको-प्रोव्हाँसाल बोली. ग्र्यूयेरच्या डोंगराळ भागातील गुराख्याच्या मुलाला त्याची आई ज्या भाषेत निजवीत असे, ती भाषा जिरार ह्यांच्या पाठ्यक्रमात नाही. त्यांनी १८२१ मध्ये फ्रीबूरमधील ग्रामीण शाळांसाठी एक व्याकरण लिहिले होते. खेड्यातील मुलाचा स्वतंत्र विचार त्यांनी केला होता, ह्याचा तो पुरावा आहे. पण ते व्याकरणही फ्रेंचचेच. आईने घरी आरंभिलेले काम शाळेने पुढे चालवावे, हे त्यांच्या सिद्धांताचे मर्म. आईची भाषा आणि पुस्तकाची भाषा एकच आहे, ह्या गृहीतावर ते उभे आहे. नगरातील सुशिक्षित घरापुरते ते खरे होते. इतरत्र ‘मातृभाषा’ ह्या नावाखाली मूल दुसरीच भाषा शिकत होते, आणि शिकत असताना ती आपलीच आहे असे मानण्याचे बंधन त्याच्यावर होते. पुढे १८८६ मधील शालेय नियमावलीने फ्रीबूरच्या शाळांत पात्वा बोलण्यास सक्त मनाई केली. त्या नियमाचे उत्तरदायित्व जिरार ह्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मनाईची भाषा त्यांच्या लेखनाच्या स्वभावाशीच विसंगत आहे. तथापि ज्या पद्धतीने बोलीची दखलच घेतली नाही ती पद्धती बोलीच्या बाजूने साक्ष देऊ शकली नाही, एवढे म्हणणे प्राप्त आहे.

जिरार ह्यांची दृष्टी ज्यात सर्वांत मोकळी दिसते ते पुस्तक भाषेचे नाहीच. शाळा सुटल्यानंतर, १८२७ मध्ये, त्यांनी फ्रीबूर नगराच्या नकाशाचे विवरण करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि भूगोलाचा पहिला पाठ म्हणून ती त्या नगरातील मुलांना अर्पण केली. पृथ्वीचा गोल, खंडे, महासागर ह्यांच्या व्याख्यांपासून भूगोलाला आरंभ करण्याची त्या वेळची प्रथा तिने बाजूस ठेविली आहे. आरंभ होतो तो मूल ज्या रस्त्याने शाळेत येते त्या रस्त्यापासून. सारीन नदीच्या वळणाने वेढलेले, उंच कड्यावर वसलेले वरचे नगर व नदीकाठचे खालचे नगर, पूल, दरवाजे आणि मठ ह्या सर्वांचे ठिकाण मुलाला आधीपासून ठाऊक असते. नकाशा त्या ठाऊक असलेल्या गोष्टीला आकार देतो. मुलाचे आधीचे ज्ञान येथे नुसते गृहीत धरलेले नाही, ते खरोखरीच कामाला लावलेले आहे. येथेही नगराविषयी प्रेम उत्पन्न व्हावे हा हेतू आहेच. परंतु ते प्रेम सुचविण्यासाठी प्रत्येक वाक्याला ओझे वाहावे लागत नाही, कारण नगर समोर आहे. भाषेच्या पाठ्यक्रमात मुलाच्या घरची बोली ज्या जागी यावयास हवी होती, त्या जागी ह्या पुस्तिकेत त्याची स्वतःची गल्ली आहे. ज्या नगराने चार वर्षांपूर्वी त्यांची शाळा बंद केली त्याच नगराचा नकाशा जिरार ह्यांनी ल्यूसर्न येथे राहून त्याच्या मुलांसाठी उलगडून दाखविला. त्याच नगरात १८६० मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.